हात बसल्यावर बटणं हलवू नका

प्रति,
संगणकाशिवाय चालणारी संगीतयंत्रं बनवणारी सर्व मंडळी,
हामामात्सु, गोथेनबर्ग, बर्लिन, वेलिंग्टन आणि जिथे जिथे असाल तिथे.

स.न.वि.वि.

पत्र सांगलीहून लिहितोय. मी कोणी मोठा संगीतकार नाही. दिवसा एका पतसंस्थेत कर्जाच्या फायली बघतो आणि संध्याकाळी नाटकवाल्या पोरांच्या तालमीला जाऊन बसतो. एकांकिकांचं पार्श्वसंगीत करतो आणि प्रयोगात ऑपरेटही मीच करतो. त्याआधी सात-आठ वर्षं इथल्या एका ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड) वाजवला. म्हणजे आपली ओळख जुनी आहे, फक्त एकतर्फी आहे.

ऑक्टापॅडपासूनच सुरुवात करतो. रोलंडने १९९८ साली एसपीडी-२० काढला. ८ पॅड, ७०० आवाज, ९९ पॅच (पॅडवरच्या आवाजांच्या तयार मांडण्या). हळदीच्या बेंजो पार्टीपासून गणपतीतल्या ऑर्केस्ट्रापर्यंत आमच्याकडे तो असा काही रुजला की ऑक्टापॅड हे एका कंपनीने दिलेलं नाव आहे, हेच लोक विसरले. झेरॉक्सचं झालं तसं. माझ्या आधी जो वादक होता तो स्टेजवर अंधार असताना, नजर गायकाकडे ठेवून, काठी बोटांत धरूनच पॅच बदलायचा. लावणीला कुठला, कव्वालीला कुठला, कोळीगीताला कुठला, सगळे आकडे पाठ. डिस्प्लेकडे बघताना मी त्याला कधी पाहिलं नाही. याला आम्ही हात बसणं म्हणतो. तबलजीचा बसतो, पेटीवाल्याचा बसतो, पोळ्या लाटणाऱ्या बाईचाही बसतो.

तुमच्या यंत्रांची खरी ताकद ही आहे, आणि जाहिरातीत तुम्ही भलतंच सांगत बसता. किती कोअरचा प्रोसेसर, किती जीबी रॅम, आत किती प्लगइन. अहो, हे सगळं लॅपटॉपमध्ये याहून जास्त आणि याहून स्वस्त मिळतं. त्यासाठी तुमच्या दारात कोण येतंय?

मी कसा आलो ते ऐका. एका स्पर्धेत आमच्या आधी दुसऱ्या कॉलेजची एकांकिका चालू होती. आजोबा खाटेवर, सून पायाशी बसलेली, मुलाच्या हातात तुळशीपत्र, नाट्यगृह चिडीचूप. इतक्यात त्यांच्या ऑपरेटरच्या कोपराचा धक्का लागून कुठलीशी वायर निघाली आणि लॅपटॉपचा तो ‘टुडुंग’ दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून आला. आजोबा हशात गेले. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो. पुढच्या दिवाळीच्या बोनसमध्ये पदरची भर घालून मी १६ पॅडचा एक स्टँडअलोन सॅम्पलर घेतला, म्हणजे नोंदवलेले आवाज (सॅम्पल) पॅडवर वाजवणारं, संगणक न लागणारं यंत्र. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि त्या काही एकट्या तिच्या नाहीत.

माझी मांडणी अशी आहे. पॅडचे आकडे तळाच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होतात. खालच्या दोन ओळींत संगीताचे तुकडे. तिसऱ्या ओळीत एकेक ठोका: ९ वर कुकरची शिट्टी, मग दाराची कडी, फोन, पडणारं ताट. वरच्या ओळीत वातावरण: १३ वर पाऊस, १४ वर रातकिडे, १५ वर एसटी स्टँड. आणि १६ वर शांतता. खरोखरची शांतता, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा कोरा सॅम्पल. संगीताचे सगळे पॅड त्याच्याबरोबर एकाच म्यूट ग्रुपमध्ये बांधून टाकलेत, त्यामुळे १६ दाबला की वाजणारं संगीत जागच्या जागी तुटतं. दिग्दर्शकाला थोबाडीत मारल्यावर जी शांतता हवी असते ना, ती अशी बोटाने वाजवता येते. फेडर खाली ओढून ती येत नाही.

नट गडबडला आणि दोन पानं गाळून पुढे गेला, तरी मी त्याच्याबरोबर उडी मारू शकतो. लॅपटॉपवर फायली रांगेने लावलेल्या असल्या की तेवढ्यात माऊस शोधण्यात क्यू (आवाज सोडायची नेमकी वेळ) निघून जातो. तालमीत वीज गेली तर (उन्हाळ्यात जातेच) पोरं मोबाइलचे टॉर्च लावतात आणि यंत्र बॅटरीवर चालू राहतं. बॅटरी आत बसवायचं ज्याला सुचलं, त्याच्या तोंडात साखर पडो.

आणि पॅड चार बाय चार मांडायची अक्कल ज्यांची, त्या रॉजर लिन यांना इथूनच नमस्कार. खऱ्या ड्रमचे आवाज नोंदवून ते हवे तसे रचता येतील असं एलएम-१ हे यंत्र त्यांनी १९८० साली बाजारात आणलं. मग अकाई कंपनीबरोबर १९८८ साली एमपीसी-६०. मूळ यंत्रात जेमतेम १३ सेकंदांचा आवाज मावायचा. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या ई-म्यूच्या एसपी-१२०० मध्ये तर १० सेकंद. तेवढ्या जागेत न्यूयॉर्कच्या पोरांनी हिप-हॉपचा अख्खा जमाना उभा केला. ३३ ची तबकडी ४५ च्या वेगाने फिरवून सॅम्पल घ्यायचा आणि यंत्रात त्याचा वेग पुन्हा खाली उतरवायचा. जागा वाचायची, वर ती खरखर फुकटात. हिप-हॉपचे संगीतकार जे डिला यांचा एमपीसी-३००० आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयात आहे. कोणाचा लॅपटॉप असा संग्रहालयात जाईल, असं मला तरी वाटत नाही.

लिन यांनीच स्विंगला आकडा दिला. ५० म्हणजे सरळ, ६६ ला गेलं की तिस्राचा (तिनाच्या गतीचा) डौल, मधलं सगळं चवीनुसार. प्रत्येक जोडीतला दुसरा ठोका किंचित उशिरा पाडायचा, एवढीच युक्ती. साधी आणि थोर. पण ती आमच्या ढोलकीला पुरत नाही, हे मला एका रविवारी कळलं.

आमच्या गल्लीत ढोलकीवाले काका राहतात. तमाशाच्या फडात उमेदीची वर्षं गेलेली. त्यांना घरी बसवून चहाच्या चार फेऱ्यांत एकेक बोल वेगळा रेकॉर्ड केला. हलका, जोरात, काठावर, मधे. सगळे पॅडवर चढवले, ठेका बसवला, क्वांटाइझ केला (म्हणजे ठोके यंत्राच्या मापात बसवले). स्विंग ५४ वर ठेवला तर सरकारी वाटला, ६० वर फिल्मी. काकांनी ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, “ठेका बरोबर हाय, पर चालत न्हाई. जाग्यावर उभा हाय.”

मग क्वांटाइझ काढून टाकला आणि बोटांनी वाजवला. आठ आवर्तनं सलग, चुकांसकट. तेव्हा कुठे तो चार पावलं चालला. ढोलकीत दुसराच ठोका मागे रेलतो असं नाही. एखादा बोल पुढे झुकतो, एखादा रेंगाळतो, आणि समेवर येताना सगळे पुन्हा हिशेबात बसतात. दर ठोक्याला त्याची स्वतःची जागा असते. एका आकड्यात ते कोंबता येत नाही. पण यंत्र मला तो आकडा बंद करू देतं आणि माझं बोट जसं पडलं तसं लक्षात ठेवतं, हा त्याचा मोठेपणा मी मान्य करतो.

राहिला घुमारा. डाव्या पुडीवर तळहात सरकवून जो निघतो तो. एका सॅम्पलमधून तो निघत नाही, कारण तो आवाज नव्हे, आवाजाचा प्रवास आहे. एबलटनच्या पुश-३ वर (२०२३ चं यंत्र) पॅडवर ठेवलेलं बोट डावी-उजवीकडे सरकवलं तरी यंत्राला कळतं, आणि प्रत्येक पॅडचं वेगळं कळतं. पुण्यातल्या एका मित्राकडे अर्धा तास वाजवून पाहिलं. घुमारा निघाला हो! काकांना फोनवर ऐकवला तर म्हणाले, “हां, आता वल्ला हाय आवाज.” मग मित्राने किंमत सांगितली आणि मी पॅडवरून हात काढला.

आता पावसाची गोष्ट.

प्रयोगाच्या आदल्या रात्री यंत्राने स्क्रीनवर कळवलं की नवीन अपडेट आलंय. मी मूर्ख, केलं. दुसऱ्या दिवशी नाट्यगृहात यंत्र सुरू केलं, प्रोजेक्ट उघडला, सगळं जागच्या जागी दिसलं. मांडामांडीला मिळतात त्या मिनिटांत दोन-चार पॅड वाजवून पाहिले, ठीक होते. तिसरा प्रवेश. नायिका खिडकीशी, मी १३ दाबला, पाऊस सुरू. बोट उचललं, पाऊस बंद. पुन्हा दाबला, सुरू. उचललं, बंद. आदल्या रात्रीपर्यंत एकदा टिचकी मारली की पडत राहणारा पाऊस आता बोट असेल तोवरच पडत होता. कुठलंसं सेटिंग बदललं होतं आणि ते ज्या पानावर असायचं ते पानही नव्या मांडणीत हललं होतं. ते शोधायला मला दोन्ही हात आणि डोळे लागले असते. तेव्हा चार मिनिटं मी डाव्या हाताची तर्जनी १३ वर रोवून उभा राहिलो आणि बाकीचे क्यू उजव्या हाताने दिले. प्रेक्षकांना काही कळलं नाही. परीक्षकांनी पार्श्वसंगीताचा वेगळा उल्लेखही केला. माझं बोट दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत शिक्का मारताना दुखत होतं.

तक्रार चुकीबद्दल नाही, चुका सगळ्यांकडून होतात. तक्रार अशी, की ‘संगणकाशिवाय’ म्हणून जे विकलंत त्यात तुम्ही हळूच संगणक घालून ठेवलाय, आणि त्याच्यासोबत त्याच्या खोडीही आल्यात. सुरू व्हायला वेळ लागतो. वायफाय मागतो. ईमेल मागतो. आतच दुकान थाटलेलं असतं आणि विकत न घेतलेले आवाजही यादीत दिसत राहतात, मिठाईच्या दुकानात शोकेसला नाक लावून उभं राहिल्यासारखं. एसपीडी-२० ने मला कधी पासवर्ड विचारला नाही.

अपडेट देऊ नका असं मी म्हणत नाही. नवी सोय खुशाल द्या, पण जुनी जिथे आहे तिथेच राहू द्या. पेटीची काळी दोन कंपनीने रातोरात उजवीकडे सरकवली तर वादक काय करील? तुमच्या लेखी तो मेनू असतो. आमच्या लेखी ती सूर शोधायची जागा असते. आणि मागे फिरायची वाट ठेवा. ‘जुनी आवृत्ती परत बसवा’ असं एक बटण, बास.

लयीबद्दल थोडं. तुमची यंत्रं गृहीत धरतात की गाणं ज्या वेगाने सुरू झालं त्याच वेगाने संपणार. आमच्याकडे साधी आरतीसुद्धा तशी संपत नाही. भजन चढतं, लावणी चढते, आणि कुठल्या क्षणी किती चढायचं ते गाणारा ठरवतो, आधी रेघ आखून ठेवता येत नाही. माझ्या यंत्रात चालू ठेक्याचा वेग बदलायचा तर आधी एक पान उघडावं लागतं. उलट आमच्या घरात बंगळुरूच्या रॅडेलची जुनी तालमाला आहे, बहिणीच्या गाण्याच्या क्लाससाठी घेतलेली. तिच्यावर लयीची एक गुंडी आहे. फिरवली की लय वाढते. आणि तीही स्टँडअलोनच आहे बरं का! तुम्ही हा शब्द रूढ करायच्या कितीतरी आधी भारतातल्या प्रत्येक गाण्याच्या क्लासात एक तंबोऱ्याची पेटी आणि एक तबल्याची पेटी कपाटावर बसलेली होती. कोणी त्यांना प्रॉडक्शन हार्डवेअर म्हटलं नाही, एवढंच.

विलंबिताचं तर बोलायलाच नको. विलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभर चालू शकतं, म्हणजे मिनिटाला १२ मात्रा. तुमच्यातली बहुतेक यंत्रं २०, ३० नाहीतर ४० च्या खाली उतरत नाहीत. दुप्पट-चौपट धरून मी भागवतो, पण मग मेट्रोनोमचे (लय मोजणाऱ्या टिकटिकीचे) ठोके भलतीकडे पडतात. सात मात्रांचा रूपक बसतो, नाही असं नाही. फक्त त्याची सुरुवातच खालीने, म्हणजे बिनजोराच्या मात्रेने होते, आणि पहिला ठोका जोरात वाजवायची तुमच्या मेट्रोनोमची खोड काही जात नाही.

सुराचंही तेच. स्पर्धेतल्या पोरांकडे आजोबांच्या वेळची पेटी असते. ती काही ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुराला नसते, थोडी चढलेलीच असते. तिच्याशी जुळवायला मला सगळं यंत्र केसभर वर घ्यायचं असतं. ती सोय सेटिंगच्या कुठल्या पोटात आहे ते शोधेपर्यंत पेटीवाला दुसऱ्या गाण्यावर गेलेला असतो. तंबोऱ्याच्या पेटीवर यालाही एक गुंडीच असते. मला वाटतं, तुमच्या इंजिनिअर लोकांना महिनाभर एखाद्या गाण्याच्या बाईंच्या क्लासात बसवावं. बाई चांगल्याच सरळ करतील.

देवनागरीचं एका वाक्यात सांगतो: माझ्या यंत्राला ती वाचता येत नाही, चौकटी दाखवतं, म्हणून सगळी नावं रोमनमध्ये द्यावी लागतात आणि मोठा पाऊस शोधताना ‘पाऊस’मध्ये मी एक ए लिहिला होता की दोन, हे दर वेळी आठवावं लागतं.

आता दुरुस्ती. घरापासून दहाएक किलोमीटरवर मिरज आहे. तिथल्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं. मिरजेत तुम्ही पन्नास वर्षांपूर्वीचा तंबोरा घेऊन जा. कारागीर तो मांडीवर घेईल, एकेक तार छेडील, घोडीवर कानस फिरवील आणि जवारी (तारेचा झंकार) काढून परत देईल. भोपळ्याला तडा गेला असेल तर तोही सांधतील. त्यांनी मला कधीही ‘हे मॉडेल आता सपोर्ट होत नाही’ असं सांगितलेलं नाही.

माझ्या यंत्राचा १३ नंबरचा पॅड (तोच, पावसाचा) गेल्या वर्षीपासून मंद झालाय. जोरात मारला तर हलका वाजतो, हलका मारला तर वाजतच नाही. दुरुस्ती केंद्राने कळवलं की पॅडचा अख्खा बोर्ड बदलावा लागेल, आणि जो आकडा सांगितला तो नव्या यंत्राच्या जवळजवळ निम्मा होता. शेवटी गावभागातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तासाभरात उघडला, ब्रशने साफ केला, १३ च्या रबराखाली इन्सुलेशन टेपचे दोन थर चिकटवले आणि शंभर रुपये घेतले. सहा महिने छान चालला. पण आता टेप दबलाय, आणि तो म्हणतो, आतली संवेदनाची पातळ शीटच झिजलीय, ती मिळाली तर पाच मिनिटांचं काम आहे.

रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी तरुणपणी घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करायचे, हे तुमच्यातल्या निदान एका कंपनीला तरी माहीत असणार. मिडी, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा, तिच्या कामासाठी त्यांना आणि अमेरिकेतले सिन्थ बनवणारे डेव्ह स्मिथ यांना २०१३ साली टेक्निकल ग्रॅमी मिळालं. १९८३ ची ती पाच काट्यांची मिडीची वायर आजही माझ्या यंत्राच्या मागे बसते आणि मित्राच्या वडिलांचा जुना कीबोर्ड तिच्यावरून माझ्या यंत्राशी बोलतो. मधल्या काळात किती कंपन्या आल्या आणि बुडाल्या, तरी वायर तीच. तुम्हाला जमतं, असं मी म्हणतोय ते एवढ्याचसाठी. वेलिंग्टनच्या सिन्थस्ट्रॉमने २०२३ मध्ये आपल्या डेल्यूज या यंत्राचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं, आणि आता वापरणारेच त्यात नव्या सोयी घालतात. सगळ्यांनी विकत्या यंत्राचं तसं करावं हा हट्ट नाही. पण ज्याचं उत्पादन तुम्ही थांबवलंत, ज्याचे सुटे भाग तुम्ही ठेवणार नाही, त्याची किल्ली तरी आमच्या हातात द्या. आमच्याकडे कुलूप उघडणारे पुष्कळ आहेत.

मोठ्या मागण्यांचा विचार तुम्ही सवडीने करा. सध्या एवढंच कळवा: १६ पॅडच्या यंत्राची ती पॅडखालची शीट सुटी मिळते का, आणि सांगलीच्या पत्त्यावर यायला किती दिवस लागतात?

आपला,
एक पॅडवाला
सांगली

ता.क. रविवारी प्रयोग आहे. पाऊस सध्या ९ वर हलवलाय आणि कुकरची शिट्टी १३ वर. बोट अजून १३ वरच जातंय.